शेळीचं तोंड उघडून बघा, मगच पैसे द्या

चाकणच्या कंपनीत 6 वर्षं कॉन्ट्रॅक्टवर होतो. दिवाळीनंतर लाइन बंद झाली आणि आम्हा सगळ्यांना घरी बसवलं. गावी आलो, पारोळा तालुक्यात, वडिलांची 2 एकर कोरडवाहू, कपाशी पूर्ण पावसाच्या भरवशावर, म्हणून बायकोने आणि मी ठरवलं की पीएफचे पैसे शेळीपालनात टाकायचे.

मोबाईलवर एकाचा व्हिडिओ बघितला आणि फोन लावला. दादा दादा करत इतका गोड बोलला तो, की 20 उस्मानाबादी, सगळ्या दोन दाती म्हणजे तरुण, दोन महिन्याच्या गाभण, 11,500 ला एक, बोकड फुकट, करडं आम्हीच 400 रुपये किलोने परत घेऊ, स्टॅम्पवर लिहून देतो, वरून 50 टक्के सबसिडी पण काढून देतो, फाइलचे फक्त 15 हजार. मी दिले. 2 लाख 45 हजार, सगळे रोख.

गाडी आली ती अंधार पडताना. घाईघाईत शेळ्या उतरवल्या, बोकडाच्या गळ्यात हार घातला, दोरी माझ्या हातात देऊन व्हिडिओ काढला आणि निघून गेले.

सकाळी शेजारचे आबा आले, सगळं आयुष्य बकऱ्यांमागे गेलेलं. एकेकीचा ओठ खाली ओढून त्यांनी मला दात दाखवले. शेळीला पुढचे दात फक्त खाली असतात, आठ, आधी दुधाचे बारीक, सव्वा वर्षाच्या आसपास मधले दोन मोठे येतात, चारेक वर्षांत आठही. माझ्या 20 मधल्या 13 आठ दाती निघाल्या, काहींचे तर झिजून फटी पडलेल्या. आबा म्हणे, "हाई ते म्हतारी शे भो, कितला पैसा दिधात?" माझ्या तोंडून आकडा निघेना.

दहाव्या दिवशी नाकातून शेंबूड, तोंडात फोड, हगवण. डॉक्टर म्हणाले पीपीआर, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग, लस दिलेलीच नाही. 9 गेल्या. खड्डे मी आणि बायकोने खणले, ती एक शब्द बोलली नाही. शेळी 5 महिन्यांत विते, म्हणून उरलेल्यांची साडेतीन महिने वाट बघितली, व्याल्या फक्त 4.

सबसिडीचं पंचायत समितीत विचारलं तेव्हा कळलं, राष्ट्रीय पशुधन अभियानात 50 टक्के आहे हे खरं, पण कमीत कमी 100 शेळ्या आणि 5 बोकड लागतात, आणि अर्ज आपला आपण ऑनलाइन भरता येतो. माझी 20 ची फाइल त्यात बसतच नव्हती. स्टॅम्पवर सही फक्त माझी, त्यांचा नुसता शिक्का. पोलिसांत अर्ज दिलाय.

भावांनो, नोकरी गेल्यावर माणूस घाईत असतो, त्यांना ते बरोबर कळतं. शेळ्या दिवसा उजेडी घ्या, जाणता माणूस सोबत न्या, सुरुवात 4-5 वरच करा, नवीन जनावर तीन आठवडे वेगळं बांधा, आणि रोख तर अजिबात देऊ नका.

परवा त्यांचा नवीन व्हिडिओ दिसला. "यशस्वी शेतकरी" म्हणून हारवाल्या बोकडाची दोरी धरून मीच उभा आहे, आणि खाली पोरं रेट विचारतायत.