रजेआधीचा आठवडा: उरकून जावं, सोपवून जावं की बरोबर न्यावं?

मे महिन्यात हळदीचे सौदे चालू असतात, पोरांच्या शाळेला सुट्टी लागलेली असते आणि घरात रोज एकच विषय, "रजेचं काय झालं?" मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत पेढीवर हिशोब बघतो, जुन्या भाषेत दिवाणजी. रजेआधीचा आठवडा मी तिन्ही तऱ्हांनी काढून बघितलाय. ज्यांची रजा तोंडावर आलीय, त्यांनी आपली तारीख आधी बघावी आणि मग पुढचं वाचावं.

उरकून जाणं

म्हणजे शेवटचे चार-पाच दिवस रात्री नऊ-दहापर्यंत बसायचं आणि टेबल मोकळं करून निघायचं. तारखेला बांधलेल्या कामांना हे उत्तम. टीडीएसचा, म्हणजे पैसे देताना कापून घेतलेल्या कराचा भरणा ७ तारखेच्या आत, जीएसटीआर-१ ची, म्हणजे महिन्याच्या विक्रीच्या विवरणाची मुदत ११, पीएफची १५. ही तिन्ही आधीच करून टाकायला कोणी अडवत नाही. टीडीएस कापून वेळेत भरला नाही तर दरमहा दीड टक्का व्याज, वर अर्धामुर्धा महिनाही पूर्ण धरतात. हे मागे ठेवून जायचं कामच नाही.

पण काही कामं रात्रभर जागलात तरी उरकत नाहीत. जीएसटीआर-३बी, म्हणजे महिन्याचा जीएसटी भरायचं विवरण, त्याची मुदत २० तारीख. ते भरायला २बी लागतं, म्हणजे आपल्या खरेदीवर भरलेल्या कराचं किती क्रेडिट मिळणार त्याचा तक्ता, आणि तो जीएसटीच्या पोर्टलवर १४ ला पडतो. रजा १२ पासून असेल तर उरकणार काय, कपाळ? एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरायला तीन उन्हाळे गेले.

शिवाय दमलेल्या माणसाच्या हाताचा भरवसा नाही. एका वर्षी रात्री सव्वादहाला, एकाच गावच्या आणि एकाच आडनावाच्या दोन शेतकऱ्यांच्या पट्ट्यांची, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशोबाच्या कागदांची माझ्याकडून अदलाबदल झाली. थोरल्याचे पैसे धाकट्याच्या खात्यात. त्यात दोघांचा बांधावरून वाद चालू! रजेवरून आल्यावर पहिला आठवडा ते निस्तरण्यात गेला.

बरोबर नेणं

लॅपटॉप पिशवीत टाकला की मनाला बरं वाटतं, एवढाच फायदा. मी एकदा नेला होता. रत्नागिरीला जाताना आंबा घाटात रेंज गेली, इकडे पेढीवर रिटर्न ओटीपीसाठी अडकलेलं, आणि पोर्टलवर नंबर माझा. बायको दोन दिवस बोलली नाही ते वेगळंच. यावर आणखी शब्द खर्च करत नाही.

सोपवून जाणं

माझं मत इकडेच झुकतं, पण एका अटीवर. सोपवणं म्हणजे शेवटच्या संध्याकाळी चार ओळी लिहून "बघ रे जरा" म्हणणं नव्हे. ती चिठ्ठी हरिपूरच्या पेवासारखी, हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यासारखी असते. आत काय पुरलंय ते पुरणाऱ्यालाच ठाऊक.

गेल्या वर्षी मी सोमवारीच पेढीवरच्या हाताखालच्या पोराला माझ्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः बाजूला स्टूल घेतलं. बुधवारी पट्टी करता करता तो थांबला. "दादा, ही हमाली तुम्ही बिलात वेगळी का धरता?" मी का धरतो ते मलाच चटकन सांगता येईना. एका जुन्या व्यापाऱ्याशी ठरलेली तोंडी बोली होती, कुठेच लिहिलेली नव्हती. अशा सात गोष्टी तीन दिवसांत निघाल्या. चिठ्ठीत त्या कधीच आल्या नसत्या, कारण आपल्याला माहीत असलेलं आपल्याला दिसतच नाही.

उधारी वसुलीचं मात्र नुसतं सांगून भागत नाही. ज्यांच्याकडे येणं आहे त्यांना आपण स्वतः फोन करून "आठ दिवस हा बघेल" म्हणायचं, नाहीतर नव्या पोराला कोणी उभं करत नाही. आणि पोर्टलवरचा नंबर शेठजींचा करून घ्या, तोही शेवटच्या दिवशी नको.

सोपवण्याचा तोटाही आहे. त्या आठवड्यात तुमचं स्वतःचं काम निम्म्यावर येतं आणि शेठजींना वाटतं, हा आत्तापासूनच रजेवर गेला. त्यांच्या कानावर आधी घालून ठेवा.

आता तारखेचं. रजा २१ च्या पुढे मिळत असेल तर उरकून जाणं जमतं. जानेवारी ते मार्चचं टीडीएस रिटर्न ३१ मेपर्यंत असतं, तेवढं आधी टाकून जा. १२ च्या आसपास निघायचं असेल तर ७, ११ आणि १५ ची कामं उरका आणि ३बी सोपवाच. ते चुकलं तर दिवसाला ५० रुपये लेट फी, शिवाय थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज.

गेल्या मेमध्ये आठ दिवसांत पोराचा एकच फोन आला. पट्टी बुकांच्या कपाटाची किल्ली कुठेय म्हणून. ती माझ्या खिशात होती, गणपतीपुळ्याला.