जावयाचं मूळ गाव शोधायला फॅमिलीसर्च वापरलं, चार महिन्यांचा अनुभव

पूर्वजांचे जुने कागद शोधायच्या ह्या साइटला पाचपैकी पाच देऊन राहिलो, पण "नाव टाका, क्लिक करा, वंशावळ तयार" असं जे जाहिरातीत दाखवतात नं, त्याला माझ्याकडून शून्य. काहून ते खाली येईलच. थोडं लांब झालंय, चहा घेऊन बसा.

झालं असं की माझ्या बहिणीची पोरगी पेनसिल्व्हेनियात असते, लँकेस्टरच्या बाजूला, नवरा तिकडलाच, जुन्या जर्मन घरातला. डिसेंबरात बाळाचं बारसं इथं धरमपेठेत केलं, व्याही-विहीणबाई दोघंही आले होते, तर्री पोहे खाऊन व्याह्यांच्या नाकाडोळ्यातून पाणी, तरी दुसरी प्लेट मागून घेतली, माणूस चांगला आहे. आता आमच्या बहिणीची सवय अशी की नवीन नातेवाईक दिसला की पहिला प्रश्न, "तुमचं मूळ गाव कोणतं हो?" व्याही म्हणाले, जर्मनी. ती म्हणे, "अहो जर्मनी देश झाला, मी गाव विचारून राहिली." व्याही गप्प. मग म्हणाले की आमच्याकडं असं सांगतात, पणजोबांचे कोणी एलिस आयलंडला, म्हणजे न्यूयॉर्क बंदरातल्या इमिग्रेशन ठाण्यावर उतरले, तिथल्या साहेबानं आडनाव बदलून टाकलं, त्याच्या मागचं कोणाला ठाऊक नाही. भाची लगेच माझ्याकडं वळली, "मामा, तू रिटायर झाला नं, तू शोधून दे." बस, अडकलो.

पहिले एक पैसेवाली साइट घेतली, नाव लिहीत नाही. फुकट ट्रायल म्हणून कार्ड नंबर दिला, तारीख विसरलो, डॉलरमध्ये सहा महिन्यांचे पैसे कटले, ईमेल केले तर छापील उत्तर यायचं. पण खरा राग त्याचा नाही. तिथं दोन दिवसांत व्याह्यांची वंशावळ १६८३ पर्यंत पोचली! म्हणजे फिलाडेल्फियाजवळ जर्मनटाउन वसवणाऱ्या त्या पहिल्या १३ कुटुंबांत, जर्मनीतल्या क्रेफेल्डहून कॉनकॉर्ड जहाजानं ६ ऑक्टोबर १६८३ ला उतरलेल्या. व्याही एकदम खुश, फोनवर सांगत सुटले. मी बँकेत तीस वर्षं व्हाउचर तपासलेला माणूस, मी एकेक ओळ पाहिली तर एका ठिकाणी बाप नऊ वर्षांचा अन पोरगा जन्माला आलेला. दुसऱ्याच कोणाच्या झाडाला आमचं झाड जोडून दिलेलं, अन ज्यानं ते आधी बनवलं त्यानं तिसऱ्याचं कॉपी केलेलं. कागद एकही नाही.

मग फॅमिलीसर्च. पूर्ण फुकट, फक्त अकाउंट उघडावं लागतं, कार्ड नाही मागत. मॉर्मन चर्चवाले चालवतात, त्यांची ही संस्था १८९४ पासूनची, जगभरातल्या चर्चच्या वह्या, कोर्टाचे कागद, जनगणना यांच्या मायक्रोफिल्म काढून सॉल्ट लेक सिटीजवळ ग्रॅनाइटच्या डोंगरात कोरलेल्या तिजोरीत ठेवल्यात. धर्माचा प्रचार वगैरे मला तरी कुठं आडवा आला नाही. दोन गोष्टी आधीच माहीत असू द्या. एक, तिथलं फॅमिली ट्री सगळ्या जगाचं मिळून एकच, कोणीही बदलू शकतं, म्हणून ट्रीवर विसंबायचं नाही, रेकॉर्ड्समध्ये जायचं. दोन, कागदांच्या काही फोटोंवर कुलूप दिसतं, ते फक्त त्यांच्या सेंटरमध्ये किंवा जोडलेल्या लायब्ररीत बसून पाहता येतात, कागद देणाऱ्या आर्काइव्हशी तसा करार असतो.

आता काम कसं केलं ते. जहाजापासून सुरुवात करायचीच नाही, हे मला महिनाभर डोस्कं फोडल्यावर समजलं. आजच्या माणसापासून मागं मागं जायचं. अमेरिकेची जनगणना १७९० पासून आहे पण १८५० च्या आधी फक्त घरातल्या कर्त्याचं नाव, बाकी नुसते आकडे, इतके पुरुष इतक्या बायका. १८५० पासून घरातल्या प्रत्येकाचं नाव येतं. तर १८५० पर्यंत आरामात पोचलो, म्हणजे एलिस आयलंडची गोष्ट तिथंच खलास, कारण ते सुरूच झालं १ जानेवारी १८९२ ला! अन तसंही तिथले कारकून आडनावं बदलत नव्हते, निघायच्या बंदरावर जहाज कंपनीनं भरलेली यादी असायची, तीच समोर ठेवून टिक करायचे. व्याह्यांना सांगितलं तर आधी मानेनात. आपल्याकडं नाही का, प्रत्येक घरात एक आजोबा असतात ज्यांना राजाकडून जहागीर मिळालेली असते अन कागद पुरात वाहून गेलेले असतात.

आडनावाचं म्हणाल तर ते शेजारपाजाऱ्यांनी, इंग्रजी कारकुनांनी अन घरच्यांनीच पिढ्यापिढ्यांत हळूहळू वाकवलेलं. म्युलरचं मिलर, श्मिटचं स्मिथ, अन त्झिमरमानचं तर थेट भाषांतर करून कार्पेंटर. बायकांच्या आडनावाला जुन्या वह्यांत शेवटी 'इन' लागतं, म्युलरिन म्हणजे म्युलर घराण्यातलीच, वेगळं आडनाव समजू नका, मी समजलो होतो. अन योहान! प्रत्येक पोरगा योहान. एका घरात चार भाऊ, योहान गेओर्ग, योहान पेटर, योहान मिखाएल, योहान याकोब, हाक मारायचं नाव दुसरं. नुसतं योहान टाकून सर्च करणं म्हणजे इतवारीत उभं राहून "ओ भाऊ" म्हणून हाक मारण्यासारखं आहे.

१८५० च्या मागं नेलं ते मृत्युपत्रांनी अन जमिनीच्या खरेदीखतांनी. इथं ह्या साइटचं फुल टेक्स्ट सर्च, हे २०२४ मध्ये आलंय, हातानं लिहिलेले जुने कागद मशीननं वाचून त्यातला कोणताही शब्द शोधू देतं. आधी व्हायचं काय की मृत्युपत्र मेलेल्या माणसाच्या नावावर लागायचं, आत साक्षीदार म्हणून, शेजारी म्हणून, जावई म्हणून आलेली नावं सापडायचीच नाहीत. आता सापडतात. आमचा माणूस मला एका शेजाऱ्याच्या मृत्युपत्रात साक्षीदार म्हणून भेटला. रात्रीचे दीड वाजले होते, एकटाच ओरडलो, बायको उठून आली की काय झालं.

मग जहाजाच्या याद्या, जिथून लोक सुरुवात करतात अन तोंडावर पडतात. अमेरिकेनं सरकारी पॅसेंजर लिस्ट १८२० पासून ठेवल्या. त्याच्या आधी फक्त पेनसिल्व्हेनियात जर्मन लोकांच्या चांगल्या याद्या आहेत अन त्याही पॅसेंजर लिस्ट नाहीतच खरं तर, शपथेच्या याद्या आहेत. इतके जर्मन येऊ लागले की इंग्रज घाबरले, १७२७ पासून नियम केला की १६ वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषानं फिलाडेल्फियात राजाशी इमान राखायची शपथ घेऊन सही करायची. तीन प्रकारच्या याद्या, ए कॅप्टननं दिलेली, बी अन सी शपथेच्या. १९३४ मध्ये पेनसिल्व्हेनिया जर्मन सोसायटीनं तीन खंडांत छापल्या, अन दुसऱ्या खंडात नुसत्या सह्यांचे हुबेहूब ठसे आहेत. तो खंड नक्की पहा. काहींच्या ठसकेबाज सह्या, काहींनी थरथरत काढलेली अक्षरं, अन ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांची नुसती खूण अन बाजूला कारकुनानं कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं नाव. आमचा माणूस खूणवाला निघाला. एकाच जहाजाच्या दोन याद्यांत त्याचं आडनाव दोन प्रकारे, अन तिसरा प्रकार मृत्युपत्रात.

हे लोक यायचे ऱ्हाइन नदीनं रॉटरडॅमला, तिथून इंग्लंडच्या एखाद्या बंदरात, बहुतेक काउसला थांबून पुढं. १७५० मध्ये गेलेल्या एकानं लिहून ठेवलंय की हाइलब्रॉनपासून हॉलंडपर्यंत ३६ नाके, प्रत्येक नाक्यावर बोट थांबवून तपासणी. आपण समृद्धीच्या टोलला नावं ठेवतो. अन ज्यांच्याकडं भाड्याचे पैसे उरायचे नाहीत ते फिलाडेल्फियात पोचल्यावर काही वर्षांच्या मजुरीवर विकले जायचे, मालक कॅप्टनला पैसे द्यायचा अन हा त्याच्याकडं राबायचा. हे व्याह्यांना सांगताना जरा जड गेलं, पण त्यांनी शांतपणे ऐकलं.

पण यादीत गाव नाही! तेव्हा जर्मनी नावाचा एक देश नव्हताच, तो झाला १८७१ मध्ये, यादीत फार तर पॅलाटिनेटवाले, म्हणजे ऱ्हाइनकाठच्या त्या मुलखातले, वगैरे असा ढोबळ उल्लेख. गाव सापडलं ते लँकेस्टर काउंटीतल्या एका जुन्या थडग्यावर, दगडावर जर्मनमध्ये जन्मगाव कोरलेलं, कोण्या स्वयंसेवकानं फोटो काढून टाकलेला. अन ते थडगं आमच्या माणसाचं नाहीच, त्याच्या पोराच्या बाप्तिस्म्याला जो साक्षीदार होता त्याचं! दोघांची नावं जहाजाच्या यादीत पाच ओळींच्या अंतरानं. एका गावचे लोक एकत्र निघायचे, एकत्र वसायचे, पोरांना एकमेकांच्या मांडीवर द्यायचे. म्हणून बाप्तिस्म्याच्या साक्षीदारांची नावं सोडू नका, हे शंभर वेळा सांगीन.

गाव मिळाल्यावर तिथल्या चर्चच्या वह्या. कॅथलिक असतील तर मॅट्रिक्युला साइटवर पुष्कळ फुकट, प्रोटेस्टंट असतील तर बऱ्याच आर्चियनवर, तिथं पास घ्यावा लागतो, महिन्याचा घेतला अन पैसे वसूल केले. लिपी कुर्रेंट, म्हणजे जुनं जर्मन हातवळणी अक्षर. ई अन एन सारखेच दिसतात, यू ओळखायला वर एक आकडी. पण मी वडिलांकडून थोडी मोडी शिकलोय, भोसल्यांच्या वेळचे कागद वाचायचा त्यांना नाद होता, त्यामुळं अक्षर न सोडवता अख्ख्या शब्दाचा आकार ओळखायची सवय कामाला आली. तारखांत एक गंमत, '७ब्रिस' दिसलं की जुलै नाही, सप्टेंबर. लॅटिनमध्ये सेप्टेम म्हणजे सात. त्यात इंग्रजी मुलखात १७५२ पर्यंत जुनं कॅलेंडर, त्या साली बदललं तेव्हा २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी थेट १४, म्हणून इकडच्या अन तिकडच्या तारखेत ११ दिवसांचा फरक आला तर चुकलो समजू नका.

तर त्या वहीत आमचा माणूस सापडला, बाप्तिस्मा, बापाचं नाव, बापाचा धंदा शिंपी, अन समासात पाद्र्यानं नंतर कधीतरी वेगळ्या शाईनं लिहिलेले दोनच शब्द, पेनसिल्व्हेनियाला गेला.

बर्डीवर एका प्रिंटिंगवाल्याकडं सात पिढ्यांचा तक्ता छापून घेतला, प्रत्येक नावाखाली कागदाचा हवाला, जिथं कागद नाही तिथं जागा कोरी. परवा रात्री व्हिडिओ कॉलवर सगळ्यांना दाखवला. व्याही गावाचं नाव तीनदा म्हणाले, उच्चार जमेना, मग डोळे पुसले. मी म्हटलं चला, झालं आपलं काम. तेवढ्यात बाजूला बसलेली आमची बहीण चष्मा लावून तक्ता बघत म्हणे, "गाव मिळालं ते बरं झालं, पण ह्या माणसाच्या बायकोची जागा रिकामी काहून? तिचं माहेर कोणतं?"

जहाजाच्या यादीत बायका नाहीत, पोरं नाहीत, सांगितलं तिला. ती म्हणे, लग्न तर चर्चमध्येच लागलं असंल नं. बरोबर आहे, लग्नाच्या नोंदीत नवरीच्या बापाचं नाव अन गाव लिहायची रीत होती. आर्चियनचा पास संपलाय. आज पुन्हा घेतला.