वेळासचा कासव महोत्सव : मुक्काम आणि व्यवस्था

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास हे नाना फडणवीसांचे मूळ गाव. परंतु आज तेथे येणारा पाहुणा बहुधा ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यासाठी येतो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 मध्ये येथे घरट्यांचे संरक्षण सुरू केले, आणि पुढे ग्रामस्थांच्या सहभागातून कासव महोत्सव उभा राहिला.

मुक्काम गावकऱ्यांच्या घरीच असतो. आम्ही उतरलो ते घर स्वच्छ होते. जेवण साधे, शाकाहारी आणि अतिशय चवदार होते, त्यातही सोलकढीला तोड नव्हती. झोपण्याची सोय सामायिक असून स्नानगृहासाठी थांबावे लागते. हॉटेलच्या अपेक्षेने जाणाऱ्यांना हे खटकेल. मला मात्र हा पैसा थेट गावातील घरांत जातो, ही बाब अधिक मोलाची वाटते. पूर्वी ज्या किनाऱ्यावरून अंडी चोरीला जात, तेथे आता ती जपण्यातच गावाचे हित आहे.

किनाऱ्यावरील व्यवस्था शिस्तीची आहे. मादी रात्री वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि परत जाते. कुत्री व कोल्ही ती उकरतात, म्हणून अंडी कुंपण घातलेल्या जागेत, तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात पुरली जातात. सुमारे दीड ते दोन महिन्यांनी पिल्ले वर येतात. वाळू उबदार असेल तर त्यांत माद्या अधिक, थंड असेल तर नर अधिक. सकाळी आणि संध्याकाळी पाहुण्यांना दोरीमागे उभे करून पिल्ले पाण्यापासून काही अंतरावर सोडली जातात, कारण ती वाट त्यांनी स्वतः चालावी असा कटाक्ष असतो. कार्यकर्ते माहिती उत्तम देतात. 2022 च्या जानेवारीत येथेच ‘प्रथमा’ या मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसवले गेले होते.

उणीव आहे ती गर्दीची. शनिवारी संध्याकाळी मागच्या रांगेतील मुलांना काहीच दिसत नव्हते आणि ध्वनिवर्धकाविना सूचना पोहोचत नव्हत्या. शहरातून बस घेऊन आलेल्या एका सहल आयोजकाने पिल्ले दाखवण्याची हमी दिली होती, हे तर सरळ फसवणुकीसारखे आहे. एखाद्या दिवशी एकही पिल्लू बाहेर न येणे अगदी स्वाभाविक असते. लोक फ्लॅश वापरतात, तोही कडकपणे थांबवायला हवा, कारण पिल्ले उजेडाच्या दिशेने वळतात.

शक्य असल्यास आठवड्याच्या मधल्या दिवशी जावे व दोन रात्री राहावे, म्हणजे पिल्ले दिसण्याची संधी वाढते. हरिहरेश्वरकडून येणाऱ्यांना बागमांडला येथून फेरीबोटीने गाडीसह सावित्रीची खाडी ओलांडता येते, त्यामुळे रस्त्याने पडणारा मोठा वळसा वाचतो.