पट्टीतला ‘एरर ५२२’: कॅल्क आठ महिने वापरल्यानंतर

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या एका आडत दुकानात मी दिवाणजी आहे. गेल्या पाडव्याला वहीपूजन झाले, त्या दिवसापासून शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे त्यांच्या मालाच्या विक्रीचे हिशेब, मी लिबरऑफिसच्या कॅल्क या स्प्रेडशीट प्रोग्रॅममध्ये करतो. प्रोग्रॅम विनामूल्य आहे आणि आमच्या जुन्या संगणकावरही चालतो, एवढे सांगून थेट त्या एका संदेशाकडे वळतो, कारण या आठ महिन्यांत माझा सर्वाधिक वेळ त्यानेच घेतला.

फेब्रुवारीत सौदे भरात असताना एका सकाळी ‘निव्वळ देय’ या रकान्यात रकमेऐवजी ‘एरर ५२२’ दिसू लागले. पट्टी, दिवसाची बेरीज, शेतकरी खाते असे मिळून सव्वीस सेल, म्हणजे तक्त्यातील चौकटी, बिघडले होते. अशा सेलवर क्लिक केले की खाली स्टेटस बारमध्ये त्रुटीचा खुलासा येतो. ५२२ म्हणजे सूत्र फिरून स्वतःवरच अवलंबून राहिले आहे. मात्र ते चक्र नेमके कोणत्या सेलमध्ये आहे, हे तेथे कळत नाही.

ओळखीच्या एकाने ऑप्शन्समध्ये जाऊन ‘इटरेशन्स’, म्हणजे तेच गणित पुन्हा पुन्हा करण्याची सोय, चालू करण्याचा सल्ला दिला. तसे केल्यावर ५२२ गेला आणि ५२३ आला, म्हणजे ठरलेल्या १०० फेऱ्यांतही उत्तर स्थिर होईना. ही सोय मुद्दाम चक्राकार मांडलेल्या गणितासाठी आहे. चुकीच्या सूत्रावर ती चालवणे म्हणजे दुखणे झाकणे होय. मी ती लगेच बंद केली.

मग फाइलची प्रत काढून एकेका सेलमधील सूत्र पुसून तेथे साधा आकडा टाकत गेलो. दिवसाच्या बेरजेत आकडा टाकला, तर तेवढाच सेल आणि त्यावर अवलंबून असलेले सेल सुधारले, बाकीचे तसेच राहिले. याचा अर्थ बेरीज चक्राबाहेरची होती, तिला केवळ झळ लागली होती. ‘वजा उचल’मध्ये, म्हणजे शेतकऱ्याने आगाऊ घेतलेल्या रकमेपैकी पट्टीतून कापायच्या रकमेत, आकडा टाकताच मात्र सव्वीसच्या सव्वीस सेल एकदम भरले. कोणता सेल कशावर अवलंबून आहे हे दाखवणाऱ्या ‘डिटेक्टिव्ह’ या सोयीचे बाण शीटच्या हद्दीवर थांबतात आणि माझे चक्र दोन शीटमध्ये पसरले होते, म्हणून ही हाताची पद्धतच उपयोगी पडली.

चूक माझीच होती. आदल्या संध्याकाळी मी ‘वजा उचल’ म्हणजे खात्यातील बाकी किंवा मालाची रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती, असे सूत्र लिहिले. तोवर बाकीचा आकडा हाताने भरलेला असल्याने ते निमूट चालले. सकाळी बाकीलाही सूत्र दिले: एकूण उचल वजा वसूल झालेली उचल. समजा उचल २०,००० आहे आणि माल ५०,००० चा. ‘वजा उचल’ शून्य धरली तर बाकी २०,०००, म्हणून ‘वजा उचल’ २०,०००, म्हणून बाकी शून्य, म्हणून ‘वजा उचल’ पुन्हा शून्य. हा झोका थांबणार कसा? उपाय वहीतच होता. वहीत आम्ही नेहमी ‘मागील बाकी’ धरतो, आजच्या पट्टीनंतरची नव्हे. तसा वेगळा रकाना केला आणि प्रश्न मिटला.

त्यानंतर एकदा गाव शोधणाऱ्या सूत्राने ‘कऱ्हाड’साठी ‘एन/ए’, म्हणजे सापडले नाही, असे दिले. एक नाव मोबाइलवरून, तर दुसरे संगणकावर टाइप झाले होते. हे ‘ऱ्ह’ डोळ्यांना सारखे दिसते, पण आत निराळ्या चिन्हांनी साठवलेले असू शकते. जादा मोकळ्या जागा काढणाऱ्या ‘ट्रिम’ने फरक पडला नाही. एकाच्या जागी दुसरे बदलून घ्यावे लागले.

पुढच्या पाडव्यालाही पट्ट्या कॅल्कवरच करायच्या असे ठरले आहे, मात्र मालकांनी लाल वही अजून बंद करू दिलेली नाही, आणि फेब्रुवारीतल्या त्या सकाळनंतर मीही तसा आग्रह धरलेला नाही.