एक ट्रॉफी, दोन गळे: जांभळी नाक्याजवळच्या मोमेंटोच्या दुकानाबद्दल

ठाण्यात कराओके क्लब, भजनी मंडळं, सुगम संगीताचे वर्ग आणि सोसायट्यांची सांस्कृतिक मंडळं मिळून वर्षभर गाण्याच्या स्पर्धा चालू असतात. एकेरी गायनाच्या ट्रॉफ्या कुठेही मिळतात. कस लागतो तो युगुलगायन आणि समूहगायनाच्या बक्षिसांचा, कारण तिथे बक्षीस नक्की किती जणांना आहे हेच आयोजकांनी बऱ्याचदा ठरवलेलं नसतं. जांभळी नाक्याजवळच्या गल्लीतल्या, जेमतेम दहा बाय बाराच्या या दुकानात ऑर्डर लिहून घेतानाच विचारतात, "ताई, जोडीला एक की दोन?" अर्धे गुण या प्रश्नालाच.

एकच दिली तर काय होतं ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. फोटोपुरते दोघांचे हात ट्रॉफीवर असतात, मग ती एकाच्या शोकेसमध्ये जाते आणि दुसरा "असू दे, तुझ्याकडेच राहू दे" म्हणतो, ते काही मनापासून नसतं. समूहात तर ती मंडळाच्या कपाटात जाते आणि कपाटाची किल्ली कोणाकडे यावरून पुढच्या वर्षी मंडळ फुटतं.

हा घोळ मोठमोठ्यांनीही घातलाय. अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक असोसिएशनने, म्हणजे सीएमएने, १९६७ साली पुरस्कार सुरू केले तेव्हा गायकवृंदासाठी एकच गट होता. पहिल्या वर्षी तो स्टोनमन फॅमिलीला मिळाला, ते ठीकच. पण १९६८ मध्ये त्याच गटात पोर्टर वॅगनर आणि डॉली पार्टन ही जोडी जिंकली आणि १९६९ मध्ये जॉनी कॅश आणि जून कार्टर. दोन वर्षं लागोपाठ ‘वृंद’ म्हणून दोघंच! १९७० पासून युगुलाचा गट वेगळा झाला, आणि पहिलं बक्षीस पुन्हा पोर्टर-डॉलीलाच गेलं. पुढे नियम असा झाला की जोडी म्हणजे एरवीही एकत्रच गाणारे दोघं, ज्यांची मुख्य ओळख एकट्याने गाणारे अशी नाही. एखाद्या गाण्यापुरते एकत्र आलेल्यांसाठी १९८८ पासून निराळा गट केला. ग्रॅमी या अमेरिकेतल्याच संगीत पुरस्कारांनी नेमकं उलटं केलं. तिथे युगुल-वृंदाचा एक गट आणि सहयोगाने गायलेल्या गाण्याचा दुसरा असे दोन गट होते, ते २०१२ च्या समारंभापासून एकत्र करून टाकले.

याचा ट्रॉफीशी संबंध थेट आहे. सीएमए वर्षभराच्या कामासाठी जोडीला गौरवतं, ग्रॅमी एका सादरीकरणाला. आपल्या कराओके स्पर्धांतल्या बहुतेक जोड्या त्या संध्याकाळपुरत्या जमलेल्या असतात. तोच गायक तिघींबरोबर तीन गाण्यांत उतरलेला असतो. अशा वेळी प्लेटवर ‘सर्वोत्कृष्ट युगुल’ लिहिणं चूक. तिथे ‘सर्वोत्कृष्ट युगुलगीत’ हवं. दुकानातल्या मुलाला यातला फरक कळतो असं नाही, पण तो मॅटर आहे तसंच छापतो, स्वतःच्या मनाने काही ‘सुधारत’ नाही. या धंद्यात हा मोठा गुण आहे.

आता मालाबद्दल. दुकानात तीन प्रकार आहेत: सोनेरी मुलाम्याचे प्लास्टिकचे कप, ॲक्रिलिक आणि काचेचे क्रिस्टल. कपांकडे वळू नका. त्यांचा मुलामा दोन पावसाळ्यांत काळपट पडतो. क्रिस्टल देखणं, पण जड आणि महाग, आणि कोपरा एकदा टवकला की संपलं. युगुलासाठी एकसारख्या दोन नगांचा जोड लागतो, म्हणून ॲक्रिलिक सोयीचं. आठ इंच उंच आणि १० मिलिमीटर जाड नग साधारण साडेचारशेला पडतो. याहून पातळ घेतला तर बेसच्या खाचेत डुलतो.

मागायचं ते कास्ट, म्हणजे साच्यात ओतून केलेलं ॲक्रिलिक. लेसरने कोरलं की त्यावर अक्षर दुधाळ पांढरं उठतं. एक्स्ट्रूडेड, म्हणजे यंत्रातून दाबून काढलेली शीट स्वस्त असते, पण त्यावरची कोरणी वितळल्यासारखी पारदर्शक राहते आणि स्टेजच्या उजेडात नाव वाचताच येत नाही. दुकानात दोन्ही ठेवतात आणि विचारल्याशिवाय स्वस्तातलं लावतात, म्हणून ऑर्डरच्या चिठ्ठीवर ‘कास्ट’ असं लिहून घ्या. कोरणी मागच्या बाजूने, आरशासारखी उलटी करून घ्यावी. समोरून हात फिरवला की पृष्ठभाग गुळगुळीत लागतो आणि खाचांत धूळ बसत नाही.

खरी गंमत मॅटरमध्ये आहे. ‘सर्वोत्कृष्ट’ हा एक शब्द कोणत्याही ट्रॉफीवाल्याची परीक्षा घ्यायला पुरेसा आहे. त्यात रफार आहे, तोही काना-मात्रा असलेल्या अक्षरावर. मग ‘त्कृ’, मग ‘ष्ट’. जुन्या फॉन्टांमध्ये रफार अक्षरानंतर टाइप करतात, युनिकोडमध्ये आधी. आपण मोबाइलवरून पाठवलेला मजकूर जुन्या फॉन्टात नीट न बदलता ओढला की ‘सर्’ असा लंगडा पाय दिसतो आणि ‘वोत्कृष्ट’ वेगळं पडतं. ‘द्वितीय’मधली पहिली वेलांटीही अशीच भलतीकडे जाऊन बसते. आणि आपल्याच बाजूची चूक म्हणजे ‘श्रेष्ठ’च्या नादाने लिहिलेलं ‘सर्वोत्कृष्ठ’. ते दुकानदार सुधारणार नाही, वर म्हटलंच आहे.

दुसरी खोड लेसरची. मजकुराची आउटलाइन केल्यावर, म्हणजे फॉन्टच्या अक्षरांचे नुसते आकार बनवल्यावर, अक्षरं शिरोरेषेवर एकमेकांवर चढलेली असतात. ती वेल्ड करून एक केली नाहीत तर जिथे दोन आकार एकमेकांवर येतात तेवढा भाग मशीन कोरतच नाही, आणि शिरोरेषेवर प्रत्येक जोडापाशी बारीक रिकामा ठिपका राहतो. प्रूफवर, म्हणजे कोरण्याआधी तपासायला पाठवतात त्या नमुन्यावर, हे दिसत नाही, मालावर दिसतं. या दुकानात सांगितलं तर वेल्ड करतात, न सांगता दहातल्या दोन-तीन नगांवर ठिपके येतात. तिसरी बाब फॉन्टची: त्यांचा नेहमीचा फॉन्ट हिंदी वळणाचा आहे, ल आणि श आपल्या वळणाचे नाहीत. ‘कल्याण शिळफाटा’ लिहून दाखवायला सांगा, लगेच कळेल. मराठी वळणाचा फॉन्ट त्यांच्याकडे आहे, मागावा लागतो. अक्षराची उंची ४ मिलिमीटरच्या खाली नको, नाहीतर ‘कृ’ची खालची गाठ भरून जाते.

प्रूफच्या बाबतीत दुकान कमी पडतं. व्हॉट्सॲपवर कॉम्प्युटरच्या स्क्रीनचा तिरका फोटो येतो आणि खाली "ओके करा". असा फोटो ओके करू नये. पीडीएफ मागायची, ती मोठी करून नावं एकेक अक्षर वाचायची आणि वाचणारा माणूस नावं टाइप करणाऱ्यापेक्षा वेगळा असावा. ‘कुऱ्हाडे’, ‘गोऱ्हे’ अशा आडनावांतला अर्धा र इथे हमखास साध्या रफारात बदलतो.

विजेत्यांची नावं आधी ठाऊक नसतात, हा युगुल-समूह गटांतला जास्तच त्रासाचा भाग. एकेरीत एक नाव, इथे दोन किंवा आठ. दुकानाचा तोडगा व्यवहारी आहे: ट्रॉफीवर फक्त स्पर्धा, वर्ष, गट आणि क्रमांक, आणि बेसवर ७० बाय २० मिलिमीटरची जागा मोकळी. निकालानंतर नावं पाठवली की दोन दिवसांत सोनेरी-काळ्या टू-लेयर शीटच्या प्लेटा कोरून मिळतात. खऱ्या पितळेचा हट्ट धरला तर काम बाहेर जातं, कारण उघड्या पितळेवर दुकानातलं सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूचं) लेसर चालत नाही, फायबर लेसर लागतो. चार दिवस जादा धरा. प्लेट डबल टेपने चिकटवतात. एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीच्या) बेसवर भुसा राहिला असेल तर ती जुलैत सुटते, त्यामुळे कोरड्या फडक्याने पुसून, दाबून एक रात्र ठेवावी.

समूहासाठी मंडळाला एक बारा इंची आणि प्रत्येक गायकाला चार इंची, ही त्यांची पद्धत योग्य वाटते. फक्त आकडा आधी बांधून घ्या. प्रवेशपत्रावर ‘किमान ५, कमाल ८ गायक, तबला-पेटीवाले वेगळे’ असं स्पष्ट नसेल तर बक्षीस घ्यायला अकरा जण स्टेजवर येतात. तीन क्रमांक गुणिले आठ, म्हणजे चोवीस लहान नग, वर दोन कोरे जास्तीचे. हे कोरे नग न वापरता परत केले तर दुकान पैसे वळते करतं, हे विशेष.

फिरता चषकही इथे बनतो. लाकडी बेसभोवती बारा लहान प्लेटांची जागा असते आणि ‘बारा वर्षं बघायला नको’ असं सांगतात. तेवढ्यावर विसंबू नये. सीएमएचं युगुलाचं बक्षीस ब्रुक्स अँड डन या जोडीने १९९२ ते २००६ या पंधरा वर्षांत चौदा वेळा घेतलं, मधे २००० साल तेवढं मॉन्टगोमेरी जेंट्रीकडे गेलं. वृंदाच्या गटात ओल्ड डोमिनियन २०१८ पासून सलग सात वर्षं. आपल्याकडेही एखादं भजनी मंडळ असं ठाण मांडून बसतं. ‘सलग तीनदा जिंकल्यास चषक कायमचा’ हा जुना नियम लावणार असाल तर दर तीन वर्षांनी नव्या चषकाचे पैसे बाजूला काढावे लागतील. नाहीतर सरळ बेस दोन मजली करून घ्या, पाचशे-सहाशे जास्त लागतात.

वेळेचं गणित: प्रूफला दोन दिवस, मालाला चार. गणपतीपासून दसऱ्यापर्यंत आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांच्या डिसेंबर-जानेवारीत याच्या दुप्पट धरावं. निम्मी रक्कम आगाऊ, बिल मागितलं तरच. स्टेशन पश्चिमेहून चालत जाता येतं. गाडी नाक्याच्या आत नेण्याचा विचारही नको. कार्यक्रम गडकरी रंगायतनला असेल तर खोकी हातगाडीवरून तलावपाळीला पोचवून देतात. वाशीला विष्णुदास भावेला न्यायची असतील तर मात्र बेस आणि ॲक्रिलिक वेगळं पॅक करून घ्या, कारण ठाणे-वाशी लोकलच्या लगेजच्या डब्यात उभे बसवलेले नग खाचेतून हलतात.

आणि ॲक्रिलिकवरची संरक्षक फिल्म ट्रॉफी टेबलावर मांडेपर्यंत काढू नका. काढल्यावर बोटांचे ठसे दिसले म्हणून सॅनिटायझर, थिनर किंवा अत्तराचा बोळा फिरवणारा एक उत्साही कार्यकर्ता प्रत्येक मंडळात असतो. लेसरने कापलेल्या कडांमध्ये ताण असतो, अल्कोहोल लागलं की तिथून केसासारख्या बारीक भेगा आत धावतात, कधी दहा मिनिटांत, कधी दुसऱ्या दिवशी विजेत्याच्या घरी. पाण्याने ओलसर केलेलं मऊ सुती फडकं पुरतं. दुकानदार हे तोंडी सांगतो, खोक्यावर छापत नाही. त्याने ते छापायला हवं.