नाकिरी की सान्तोकू: रोजच्या चिराचिरीसाठी कोणती जपानी सुरी?

घरात भाजीबरोबर मासे-चिकनही होतं आणि सुरी एकच घ्यायची आहे, तर सान्तोकू घ्या. कोबी, कांदा, मेथी, गाजर हाच रोजचा रगाडा असेल, तर नाकिरी. या कामात तिच्या तोडीची दुसरी सुरी नाही.

दोघींचं पातं साधारण १६ ते १८ सेंमी लांब आणि दोन्ही बाजूंनी धार लावलेलं असतं. फरक आहे तो धारेच्या रेषेत. सान्तोकूची धार पुढे टोकाकडे थोडी वर वळते. नाकिरीचं पातं आयताकृती आणि धार जवळजवळ सरळ, त्यामुळे ती बोर्डावर सगळी एकदम टेकते. कोबी बारीक चिरून बघा: धार टेकली नाही तिथे तळाचा पापुद्रा तुटत नाही आणि काप माळेसारखे एकमेकांना लटकून राहतात. नाकिरीत हे होत नाही, फक्त सुरी झुलवायची नाही. किंचित पुढे ढकलत सरळ खाली दाबायची. मात्र तिला टोक नाही. मिरचीच्या बिया काढणं, चिकनच्या सांध्यात शिरणं ही कामं सान्तोकूची.

दिसायला नाकिरीसारखीच उसुबा असते. तिला एकाच बाजूने धार असते आणि ती व्यावसायिक आचाऱ्यांसाठी आहे. सवय नसेल तर काप तिरका जातो. घरासाठी नकोच.

आकाराइतकंच महत्त्व पोलादाला. शिरोगामी आणि आओगामी ही कार्बन पोलादं. त्यांना धार पटकन लागते, पण ती गंजतात. टोमॅटो किंवा लिंबू कापून सुरी तशीच ओट्यावर ठेवली, तर थोड्याच वेळात डाग पडतो. निळसर-करडी झाक चालते. तांबूस गंज लगेच घासून काढायचा. चिरून झाल्या झाल्या पुसण्याची सवय नसेल, तर व्हीजी-१० सारखं स्टेनलेस घ्या.

या सुऱ्यांचं पोलाद बहुधा ६० रॉकवेलच्या (कडकपणाचं माप) आसपास कडक आणि धार पातळ, म्हणून ती वाकत नाही, तिचा टवका उडतो. नारळ, हाडं, गोठलेलं मांस यांवर ही सुरी कधीच चालवू नका. सगळ्यात जास्त टवके उडतात ते लाल भोपळ्यात अडकलेली सुरी पिळून सोडवताना. काचेचा किंवा दगडी बोर्डही नको, लाकडी वापरा.

धारेसाठी १००० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या खरखरीतपणाचं माप) दगड पुरतो. भिजवायचा दगड असेल तर बुडबुडे थांबेपर्यंत, म्हणजे पाच-दहा मिनिटं, पाण्यात ठेवा. कोन १५ अंश: साडेचार सेंमी रुंद पात्याची पाठ दगडापासून सुमारे १२ मिमी वर. एक बाजू घासत राहायची, पात्याच्या उलट्या बाजूला धारेशी बोटाला बारीक खरखर लागेपर्यंत. ती पूर्ण लांबीभर लागली की बाजू बदलायची. नाकिरीला इथे जास्त जपावं लागतं. मधेच जास्त घासलं तर धारेला खोलगटपणा येतो आणि कोबीची माळ पुन्हा सुरू होते. धार बोर्डावर टेकवून मागून उजेड धरा. मधून फट दिसली, तर दोन्ही टोकांकडे घासून रेषा सरळ करा.