जुन्या ट्रॅव्हल ट्रेलरमधल्या फर्निचरची दुरुस्ती: सात महिन्यांच्या वापरानंतर

आमचा ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचे फिरते घर, सव्वीस फुटी, २०१७ सालचा आहे. डेट्रॉईटच्या उपनगरात राहणाऱ्या आम्हा चौघांचे उन्हाळ्यातले निम्मे शनिवार-रविवार त्यात जातात. तो आम्ही दुसऱ्या मालकाकडून घेतला, तेव्हा इंजिनाचा प्रश्नच नसल्यामुळे टायर, छप्पर आणि ब्रेक एवढेच पाहिले. आतल्या फर्निचरकडे कोणी नीट पाहिले नाही. पहिल्याच वर्षी त्याचा हिशेब चुकवावा लागला. म्हणून गेल्या एप्रिलमध्ये पाच शनिवार खर्चून टेबल, खण, पलंगाची उचलणी, सोफा आणि कपाटांची दारे दुरुस्त केली आणि त्यानंतर ऑक्टोबरअखेरपर्यंत सुमारे ४,२०० मैल प्रवास केला. या काळात काय टिकले आणि काय टिकले नाही, हे बहुतेक एकाच गोष्टीवर ठरले: स्क्रू ज्यात बसवला ते लाकूड भरीव होते की नव्हते.

अमेरिकेतल्या आरव्हींपैकी, म्हणजे अशा फिरत्या घरांपैकी, बहुसंख्य इंडियाना राज्यात, मुख्यतः एल्कहार्ट गावाच्या आसपास तयार होतात, आणि वजन कमी ठेवणे ही तिथल्या प्रत्येक कारखान्याची गरज असते, कारण ट्रेलर ओढणाऱ्या गाडीची क्षमता ठरलेली असते. त्यामुळे आतले कपाट म्हणजे एक इंच बाय दोन इंचांच्या पाइनच्या काड्यांचा सांगाडा, त्याला स्टेपलने जोडलेले एका सुताचे प्लायवुड आणि त्यावर लाकडाच्या रेषा छापलेला कागद, अशी रचना असते. याला मी फसवणूक म्हणणार नाही. मात्र घरातले कपाट वर्षानुवर्षे एका जागी उभे असते, आणि हे कपाट मिशिगनमधल्या हिवाळ्याने उखडलेल्या रस्त्यांवर तासन्‌तास हादरे खाते. त्या हादऱ्यांत बिजागरी किंवा खण ज्यावर सरकतो तो चॅनल सहसा मोडत नाही. ज्या स्क्रूवर ते उभे आहेत, त्या स्क्रूभोवतीचा बोर्ड भुसा होऊन जातो.

हे एकदा हाताला जाणवले की विसरता येत नाही. स्वयंपाकाच्या ओट्याखालच्या दाराचा स्क्रू घट्ट करायला गेलो, तर तो फिरतच राहिला. बाहेर काढला तेव्हा त्याच्या आट्यांत पिठासारखा तपकिरी भुसा भरलेला होता आणि भोकात करंगळीचे टोक जाईल एवढी पोकळी झाली होती. आधीच्या वर्षी अशा भोकांत मी टूथपिक आणि फेविकॉलसारखा पांढरा गोंद भरून जास्त लांब स्क्रू बसवले होते. ते दोन सहलींत पुन्हा सैल झाले. सांगलीच्या आमच्या जुन्या घरात सुतारकाका भिंतीत आधी सागाची गुल्ली ठोकत आणि मगच तिच्यात स्क्रू पिळत. या वेळी तेच केले. खराब भोक तीन सुतांपर्यंत रुंद करून त्यात मेपलच्या लाकडाची गुल्ली गोंद लावून ठोकली, एक पूर्ण दिवस वाळू दिली, वरून सपाट कापली आणि बारीक भोक पाडून मूळ मापाचाच स्क्रू बसवला. यात एक बारकावा आहे. बाजारात मिळणाऱ्या गोल दांड्याचे तुकडे वापरले, तर स्क्रू लाकडाच्या रेषांच्या दिशेने शिरतो आणि पकड कमी मिळते. म्हणून जड दारांसाठी मी फळीच्या पृष्ठभागातून, रेषांना आडव्या, गुल्ल्या कापून घेतल्या. जिथे नुसते एका सुताचे प्लायवुड होते, तिथे गुल्लीला जागाच नाही. तिथे मागून पाइनची पट्टी चिकटवावी लागली. अशा एकूण एक्केचाळीस भोकांपैकी एकही सात महिन्यांत सैल झालेले नाही.

सर्वांत तातडीचे काम टेबलाचे होते. जेवणाच्या जागेचे टेबल दोन नळ्यांवर उभे होते, आणि रात्री नळ्या काढून तेच दोन बाकांच्या मध्ये ठेवले की पलंग होई. गेल्या वर्षी बाबा सांगलीहून आले होते. त्यांचे वय चौऱ्याहत्तर, आणि बाकावरून उठताना ते टेबलावर तळहात टेकून उठतात. एका सकाळी चहा झाल्यावर ते तसेच उठले आणि टेबल त्यांच्याकडे कलले. खालच्या लोखंडी तबकडीचे चारही स्क्रू पार्टिकल बोर्डाचा, म्हणजे लाकडाचा चुरा गोंदाने दाबून केलेल्या फळीचा, थर घेऊन उपटले. बाबा बाकाच्या पाठीला धरून सावरले, म्हणून काही झाले नाही. पण त्या दिवसापासून टेबल नीट झाल्याशिवाय त्यांना प्रवासाला न्यायचे नाही, असे मी ठरवले होते.

एका बाजूने फिरणारा, बाकाच्या कडेला बसवायचा पाय घ्यावा, असे अनेकांनी सुचवले. तो दिसायला सुटसुटीत असतो आणि पायांना जागाही मोकळी होते. परंतु त्याचा सगळा भार बाकाच्या उभ्या फळीवर येतो, आणि आमच्या बाकाची ती फळी स्टेपलवर उभी आहे. बाक नव्याने बांधणार असाल तरच तो पाय घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मी जुन्या नळ्या आणि तबकड्या तशाच ठेवल्या आणि वरची फळी बदलली. जुनी सव्वा इंच जाडीची पार्टिकल बोर्डाची फळी चौदा किलोंची होती. त्याच मापाची अठरा मिलिमीटर बर्च प्लायवुडची फळी नऊ किलोंच्या आत बसली. तबकडीच्या जागी खालून आणखी एक प्लायवुडचा चौकोन चिकटवला आणि लाकडी स्क्रूंऐवजी पितळी आट्यांच्या पुंगळ्या बसवून त्यांत पाव इंची बोल्ट, निळे लॉकटाइट (आटे सैल होऊ न देणारा गोंद) लावून, आवळले. प्लायवुड घेताना त्यावर टीएससीए टायटल सहा, म्हणजे बोर्डातून सुटणाऱ्या फॉर्मॅल्डिहाइड या घातक वायूवर मर्यादा घालणाऱ्या अमेरिकी नियमाची खूण आहे ना, तेवढे पाहिले. २००५ च्या कॅटरिना वादळानंतर बेघर झालेल्यांना दिलेल्या ट्रेलरांत फॉर्मॅल्डिहाइडचे प्रमाण जास्त आढळले होते. इतक्या लहान बंद जागेत बोर्डातून काय बाहेर पडते, याची काळजी करणे योग्यच आहे. यंदा जुलैत बाबा पुन्हा आले आणि मिशिगन सरोवराकाठच्या स्लीपिंग बेअर ड्यून्सच्या मुक्कामात पाच दिवस त्याच बाकावर बसले. उठताना त्यांनी हात टेकला, टेबल हलले नाही, आणि ते काही न बोलता चहाचा कप ठेवायला गेले. या सगळ्या खटाटोपाचे मला मिळालेले सर्वांत मोठे समाधान ते होते.

खणांच्या बाबतीत दोष चॅनलच्या मागच्या टोकाला होता. आरव्हीतल्या खणांचे चॅनल पुढे चौकटीला स्क्रूने धरलेले असतात, पण मागे ते प्लास्टिकच्या एका लहान खोबणीत टेकवलेले असतात, आणि ती खोबणी पातळ प्लायवुडला स्टेपल केलेली असते. तव्या-कुकरचा खण भरून दोनशे मैल गेलो की ती तुटते, खण मागे पडतो आणि पुढचे तोंड वर उचलले जाते. प्लास्टिकची खोबणी पुन्हा विकत घेण्यात अर्थ नव्हता. मागच्या बाजूला दोन्ही भिंतींना जोडणारी पाइनची आडवी पट्टी बसवली आणि शंभर पौंड क्षमतेचे, छर्ऱ्यांचे टेलिस्कोपिक चॅनल तिला पक्के केले. जुन्या चाकांच्या चॅनलला आणि या नव्यांना दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच जागा लागते, त्यामुळे खणाचे खोके कापावे लागले नाही. खण आता पूर्ण बाहेर येतात आणि मागच्या कोपऱ्यातली हिंगाची डबीसुद्धा दिसते. उणीव एवढीच की छर्ऱ्यांचे चॅनल फार सहज सरकतात. जूनमध्ये अप्पर पेनिन्सुलातल्या, म्हणजे मिशिगनच्या उत्तरेकडच्या भागातल्या, एका मातीच्या रस्त्यावर चमच्यांचा खण उघडला आणि सगळे सामान फरशीवर आले. त्यानंतर प्रत्येक खणाला दाबून उघडायची खिटी लावली. त्या भागाला उरलेल्या मिशिगनशी जोडणारा मॅकिनॉ पूल १९५७ मध्ये खुला झाला असून त्याच्या झुलत्या भागातल्या आतल्या मार्गिका लोखंडी जाळीच्या आहेत. परतताना बाहेरची मार्गिका दुरुस्तीसाठी बंद असल्याने त्या जाळीवरून जावे लागले, आणि तेव्हा एकही खण हलला नाही.

पलंगाखालच्या गॅस स्ट्रटबद्दल, म्हणजे दाबलेल्या वायूच्या जोरावर पलंगाची फळी उचलून धरणाऱ्या नळ्यांबद्दल, सावधगिरीचा एक शब्द सांगितला पाहिजे. जुन्या स्ट्रटचा जोर ओसरल्यामुळे गादीसकट फळी खाली येत असे आणि एकदा ती माझ्या मनगटावर पडता पडता राहिली. चिडून मी दीडपट जोराचे स्ट्रट मागवले आणि बसवायच्या आधी सुदैवाने विचार केला. तेवढा जोर मूळ कंसांचे स्क्रू पाइनच्या काडीतून उपटून काढेल, आणि गादी नसताना फळी खाली दाबताच येणार नाही. ते परत केले. नळीवर छापलेला मूळ आकडाच, म्हणजे प्रत्येकी शंभर पौंड किंवा सुमारे ४४५ न्यूटन, पाहून नवी जोडी आणली, कंसांमागे ओकची पट्टी दिली आणि आतले तेल सीलपाशी राहावे म्हणून फळी बंद असताना दांडा खाली येईल असे बसवले. ऑक्टोबरमध्ये रात्री पारा शून्यावर गेला तेव्हा फळी पहिल्यासारखी आपोआप वर जाईना. पंचवीस अंशांवरून शून्यावर आल्यास आतल्या नायट्रोजनचा दाब आठ टक्क्यांनी कमी होतो, त्यामुळे तो बिघाड नव्हे. हाताने थोडा आधार दिला की पुरते.

सोफ्याचे काम मी स्वतः केले नाही. त्याचे आवरण बाँडेड लेदरचे होते, म्हणजे कापडावर चामड्याच्या चुऱ्याचा आणि पॉलियुरेथेनचा थर, जो उष्णता आणि ओलावा यांनी काही वर्षांत पोपडे होऊन सुटतो. मुलांच्या कपड्यांना ते काळे तुकडे चिकटत. उत्तर इंडियानातल्या एका आमिश (आधुनिक यंत्रांपासून दूर राहणाऱ्या ख्रिस्ती पंथातल्या) कारागिराने सहाशे वीस डॉलरमध्ये सोफा आणि बाकांच्या गाद्या दाट विणीच्या पॉलिएस्टर कापडात नव्याने शिवून दिल्या आणि बाकांत प्रतिघनमीटर चाळीस किलो घनतेचा फोम घातला. कापड ठरवताना मी चार नमुने घरी आणून त्यांवर फोडणीचे तेल आणि हळद लावून रात्रभर ठेवली. साबणाने धुतल्यावर तीन पिवळे राहिले, चौथ्यावर फिकट डाग उरला आणि दोन दिवस उन्हात ठेवल्यावर तोही गेला. चौथेच घेतले. सात महिन्यांत वरणाचे, आमरसाचे आणि एकदा रंगपेटीचे डाग पडले; रंगपेटीचा तेवढा राहिला.

ओट्याच्या कडेला लावलेली चिकट पट्टी मात्र जुलैच्या उन्हात बंद ट्रेलरमध्ये सुटून लोंबू लागली. तिच्याऐवजी लाकडी गोल कड चिकटवायला हवी होती. सगळा खर्च अकराशे पन्नास डॉलरच्या आसपास झाला, आणि टेबलात वाचलेले वजन पट्ट्या नि चॅनल यांत जवळपास परत आले, त्यामुळे दारावरच्या पिवळ्या चिठ्ठीवर लिहिलेल्या भारमर्यादेची चिंता करावी लागली नाही.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ट्रेलर हिवाळ्यासाठी बंद करताना गाद्या उभ्या ठेवल्या, खण बोटभर उघडे ठेवले आणि प्रत्येक स्क्रू हाताने फिरवून पाहिला. तीन सैल सापडले. तिन्ही न्हाणीघरातल्या कपाटाचे होते, जिथे मागे पाण्याचा पाइप असल्याने मी पट्टी न लावता नुसताच नवा स्क्रू पिळला होता. त्या जागेचे माप घेऊन ठेवले आहे. एप्रिलमध्ये पाइप सोडवून पट्टी बसवायची आहे.